वायपर

मार्चची अकरा तारीख, आभाळात ढगाचं नाव नाही,
आणि माझी गाडी आसगोलीच्या फाट्यावर
कोरड्या काचेवर वायपर फिरवत वळली.

टपरीवरून गणू आरेकर ओरडला,
पाऊस कुठे बघितलास रे?
डाव्या सीटवरून मी नुसता हात हलवला.
काय सांगणार त्याला?
की तिच्या देशात सिग्नलचा दांडा डाव्या हाताला असतो,
आणि चाळीस वर्षांचा हात
एका सकाळीत ऐकत नाही.

सिग्रिड. वय एकसष्ट. गाव नॉर्वेत, समुद्राला लागून.
परवान्याची राखाडी पुस्तिका, आत बऱ्याच भाषा,
आपली नाही. तरी मी पानन् पान उलटलं,
गिऱ्हाईकाला बरं वाटतं.

चावी देण्याआधी मी ओरखडे दाखवतो.
हा चिपळूणच्या स्टँडवरचा.
हा तौफिकच्या सायकलचा, त्याने कबूल केलेला नाही.
आणि हा माझा,
दादांना डेरवणला नेताना, रात्री.
तिने वहीत गाडीचं चित्र काढलं
आणि एकेक ओरखडा त्यात मांडला.
माझ्यापाशी थांबली, पेन्सिल उचलून. मग रेघ ओढली.

पहिला दिवस मी शेजारी बसतो, हा नियम.
माझा पाय नसलेला ब्रेक दाबत राहतो.
म्हैस आली की ती इंजिन बंद करायची,
जणू साहेब रस्ता ओलांडतायत.
हॉर्न मात्र वाजवेना.
आमच्याकडे ती शिवी, म्हणाली.
मी म्हटलं, इथे ती कडी आहे,
परक्याच्या दारात शिरण्याआधी वाजवतो ना, तशी.
मग एका जांभ्याच्या गडग्यासमोर, कोणी नसताना,
तिने एकदाच वाजवला
आणि गडग्याला सॉरी म्हणाली.

धोपाव्याला फेरीबोट लागली.
इथे सगळी गिऱ्हाइकं घाबरतात:
लोखंडी फळी, मागे बस, पुढे पाणी.
मी सांगायला तोंड उघडलं
तर हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरात,
काच खाली, इंजिन गप्प.
खाली उतरली, कठड्याशी गेली,
डिझेल आणि खाऱ्या वाऱ्याचा मोठ्ठा श्वास घेतला.
दोर फेकणाऱ्या पोराकडे बघत म्हणाली,
माझे वडील.
एवढंच.
दाभोळ येईपर्यंत मग कोणी बोललं नाही.
परतीच्या बोटीत मी एकटाच चढलो.

नऊ दिवसांत एक फोन, बुरोंडीच्या अलीकडून:
रस्त्यात मासे वाळत घातलेत, मी काय करू?
थांब, म्हटलं, एखादी बाई येईल.
बाई आली. फोनवरूनच ऐकलं मी,
त्या शिव्या माशांना होत्या की नॉर्वेला
ते मी भाषांतर केलं नाही.

गाडी परत आली, सहाशे बारा किलोमीटर,
डाव्या दारावर नवा ओरखडा.
मला दिसायच्या आधी तिने वही पुढे केली:
चित्र तेच, रेघ नवी,
बाजूला तारीख, आणि मुरूडच्या कोपऱ्याचा नकाशा.
सुलक्षणा आतून खुणावत होती, राहू दे, घेऊ नका.
मी आठशे कापले.
न कापते तर तिची रेघ खोटी ठरली असती,
असं मी तेव्हा म्हटलं. डेंटिंगवाल्याने नऊशे घेतले.

स्पीडोमीटरखाली तिने चिकटवलेली चिठ्ठी
अजून तशीच आहे. कुठल्याशा पाटीवरून
अक्षर अक्षर उतरवून काढलेलं:
डावीकडे.
वेलांटीचा डोंगर झालाय, ड ला शेपूट जास्त.
परवा सांगलीचं कुटुंब आलं, पोरगा हसला,
काका, हे आम्हाला ठाऊक आहे की!
असू दे, म्हटलं, हात नको लावू.

वायपरची रबरं तेवढी झिजलीत,
कोरडी काच घासून.
मेच्या आत बदलायला हवीत.