सांधा

देवमन ढोकणे, निवृत्त कीमन,
माझ्या दुकानी आले तेव्हा काखेत सात मोडक्या छत्र्या.
मी मोबाईल दुरुस्त करतो. छत्र्यावाला समोर, जब्बारभाई.
"छत्र्या नाई कराच्या," म्हणाले.
"तुह्यापाशी थे असते ना, चांदीवानी वितळते..."
सोल्डर?
"हां. थे. आन् तुहे डोये पायजे. माहे गेले."

छत्रीची काडी आतून पोकळ, पाठीवर गुळगुळीत.
पालथी घातली की रूळ.
स्लीपर तुराट्यांचे, बोटाच्या पेराएवढे.
गिट्टी म्हणजे मुरूम, चहाच्या गाळणीतून तीनदा चाळलेला;
आमच्या घरचा चहा आठवडाभर दातांखाली वाजला.
त्यांच्या टिनाच्या गोठ्यात चार पिंपांवर
एक जुनं दार आडवं टाकलं,
आणि त्या दारावर
लहान गाडीची चार कोस जमीन मावली.

वळणाला बाहेरचा रूळ उचलायचा पोस्टकार्डाच्या जाडीनं.
ते डोळे मिटून बोट फिरवत.
"आनखी अर्धं."
पोस्टकार्डाच्या जाडीचं अर्धं!
मी कार्ड पाण्यात भिजवून सोललं.

पुलाला तेलाच्या डब्याचा पत्रा,
खांब विटेचे, फरशीवर घासून घासून.
नदीसाठी मी चाळीस रुपयांचा निळा रंग आणला होता.
"मार्चात कोन्ती नदी वाह्यते बे?"
मग वाळू. वाळूत डांगरवाडी, हिरव्या दोऱ्याचे वेल,
टरबुजं म्हणून मूग.
मी हिशेब करून पाहिला, मूग मापात बरोबर बसतात.
तिसऱ्या खांबावर नातीच्या नेलपॉलिशची रेघ, पुराची.
सालही लिहू का?
"साल मले मालूम हाय."

पुलाच्या मधोमध त्यांनी एक फळी बाहेर काढली,
टिचभर नाही, नखभर.
पुलावर असताना गाडी आली, तर माणसानं उभं राहायची जागा.
मी म्हटलं, मातीचा माणूस करून ठेवतो, कंदील देतो हातात.
"नाई. रिकामीच राहू दे.
रिकामी हाय म्हंजे कीमन घरी पोचला."

रूळ मी एकसंध जोडले. कुठं फट नाही,
नख अडकणार नाही असे. मला माझ्या हाताचा गर्व होता.
त्यांनी पाहिलं, चहा प्यायले, गेले.

मे लागला. टिनाखाली दुपारी
कुत्रंसुद्धा बसेना.
एक दिवस पुलाच्या अलीकडे रूळ उठला होता,
धामण अंग टाकते तसा, तीन स्लीपर उपटून.
ते उकिडवे बसले. कितीतरी वेळ पाहिलं,
आणि हसले. त्यांना खालचे दात नाहीत
हे मला तेव्हा कळलं.
"उनायात लोखंड पाय पसरते, बाप्पा.
त्याले जागा ठेवा लागते."
खिशातून पुडी काढली, पुडीत अर्धं ब्लेड.
"एवढी."
पुडीचा कागद कॅलेंडरचा होता. मार्चचा.

अठरा ठिकाणी कापलं.

इंजिन नागपुराहून आलं, लाल, प्लास्टिकचं, 
चाकं मी कानशीनं घासून आत घेतली.
सोडलं. खट्. खट्.
मी इंजिनाकडे पाहत होतो, ते भिंतीकडे तोंड करून.
"थांबव. चौदावा बोलला नाई."
भिंग लावून पाहिलं: चौदाव्या फटीत
सोल्डरचा एक थेंब. राईपेक्षा लहान.

तो काढला. पुन्हा सोडलं. सगळे बोलले.
मी टाळी वाजवली, इंजिन उचललं,
पुसून डब्यात ठेवायला लागलो.
ते मात्र उठले, दारावर वाकले,
आणि पहिल्या स्लीपरपासून
एकेका खिळ्यावर नखानं टिचकी मारत
निघाले पुलाकडे.