पाय वर येतो तेव्हा

धरणगावच्या जिनात एकतीस वर्षं काढली.
कपाशीतून सरकी वेगळी करता करता
माझ्याच कानांतून आवाज वेगळा झाला,
कोणत्या पाळीला, ते कळलं नाही.
आता जनका दोनदा हाक मारते,
तिसऱ्यांदा ताटली वाजवते.

निंबाखाली हे जे उभं आहे
त्याला सुकलाल फाशीचा खांब म्हणतो.
"हाई काय से रे भो?"
त्याच्या ओठांवरून वाचतो मी, कुंपणापलीकडे, रोज.
रोज तेच सांगतो: खराद.
मोटर कुठंय? पाय आहे.
वायर कुठंय? दोरी आहे.
मग तो तंबाखू मळत उभा राहतो
आणि जात नाही.

मोडक्या बाजेची दोन लांब लाकडं,
त्यांच्या फटीत दोन ठोकळे, खालून बाभळीची पाचर.
ट्रॅक्टरचे दोन बोल्ट कानशीनं घासले
टोक येईस्तोवर, पंधरा दिवस,
त्यात अंगठा दोनदा बांधला.
टायरच्या पट्टीची बिजागरी, तिच्यावर फळी.
वर निंबाच्या बेचक्यात
अडावदच्या बाजारातला बांबू, अजून हिरवा.
खरं काम त्याचंच:
वाकायचं,
आणि न विसरता सरळ व्हायचं.

दोरीचे लाकडाला दोन वेढे.
पाय दाबला की लाकूड माझ्याकडे फिरतं,
पाय उचलला की बांबू ते परत घेतो.
पहिल्या दिवशी हे ठाऊक असूनही
पटाशी टेकवूनच ठेवली, जाताना, येताना.
ठोकळा उडाला तो थेट
वाळत घातलेल्या बिबड्यांत.
जनका काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.
बहिरेपणाचा तेवढा तरी फायदा.

म्हणजे अर्धा फेरा कापायचा,
अर्धा फेरा हात मागे घ्यायचा.
जिनात असं नव्हतं.
तिथं पट्टा एकाच दिशेनं धावायचा,
तो थांबला तर मुकादम धावायचा.
हात मागे घेणं
मला साठीनंतर शिकावं लागलं,
तेही एका बांबूकडून.

पण पायाला ऐकू येतं.
हे कोणी सांगितलं नव्हतं.
धार बोथटली की फळी टाचेशी कुरकुरते,
गाठ यायच्या आधी घोट्याला कळते.
आणि ओल्या हळदूची पिवळी साल
न तुटता मनगटावर उतरत जाते तेव्हा
पोटरीत काहीच वाजत नाही.
इतकं काहीच नाही
की मी थांबून बघतो, खराद चालू आहे ना.

पहिलं लाटणं एका बाजूला जाड झालं.
जनकानं त्यावर पोळ्या लाटल्या आठ दिवस,
एकही गोल नाही, एक शब्द नाही.
दुसरं वाळताना तडकलं.
तिसरं सुकलालची सून घेऊन गेली,
पैसे देत होती. मी सरकीएवढा लाजलो.
भोवरे मात्र गल्लीभर झाले;
कोणती पोरं कशी ओरडतात त्यांच्यामागे
ते मी धुळीवरून ओळखतो.

काल संध्याकाळी पाळण्याची खुंटी घासत होतो.
पाय फळीवरून काढलेला,
खुंटी खरादीवरच, दोरी गुंडाळलेली,
मुठीत मूठभर भुस्सा घेऊन चोळत होतो नुसता.
आणि लाकूड हातात फिरलं.
अर्धा फेरा.
परत आलं.
पुन्हा फिरलं.

खाली बघितलं:
फळीवर जोडव्यांचा पाय,
पिठानं माखलेला, एक चप्पल दारातच राहिलेली.
ती बांबूकडे बघत होती, माझ्याकडे नाही.
काही म्हणाली असेल.
मी पटाशी उचलली.
तिनं मान हलवली, हातानं घास दाखवला,
आणि तरी
फळी आणखी एकदा दाबली.