दुधना भरली

आमच्या मशिनींना नद्यांची नावं आहेत:
दुधना, पूर्णा, कयाधू, आणि कोपऱ्यातली जुनी सिंदफणा,
जिचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो.
कोणी ठेवली, माहीत नाही. मी रुजू झाले तेव्हा होतीच.
एप्रिलची अखेर, बाहेर परभणी चव्वेचाळीसावर,
आणि प्रल्हाद कच्छवे दारात उभा राहून म्हणतो,
"मॅडम, दुधना भरली."
पाण्याचा जार घेऊन आलेले किशनराव
जार खांद्यावर तसाच धरून
क्षणभर थबकतात.

भरली म्हणजे सत्त्याण्णव टक्के.
भरली म्हणजे उज्माचा रात्रभर चाललेला जॉब
पहाटे चारला मेला,
शेवटची ओळ लिहायला जागा नव्हती म्हणून.
डिस्क सगळ्यांची एकच.
प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याचंच फार आहे.

मी मोजायला बसते.
कमांड एकेका फोल्डरात शिरते,
खानेसुमारीच्या गुरुजींसारखी, कडी वाजवत.
लोमटे सर, नऊशे जीबी: "उपग्रहाचं आहे ते, हात लावू नका."
उज्मा, तीनशे, सगळं तारखेनिशी.
कच्छवे: फायनल, फायनल नवं, फायनल खरंच,
फायनल सरांनी सांगितल्यावर.
"राहू द्या मॅडम, कवा लागंल सांगता येत नाही."

आणि तळाशी एक फोल्डर, चारशे बारा जीबी,
मालकाच्या जागी नाव नाही. नुसता आकडा: १०४७.
असं होतं.
खातं बंद केलं की नाव जातं,
फायली आपल्या आकडा धरून बसून राहतात.

इथं पुसलेलं परत येत नाही.
कचऱ्याची टोपली नाही, "नक्की का?" विचारणारी खिडकी नाही.
रूट होऊन आलेल्या माणसाला मशीन काही विचारत नाही,
म्हणून मीच विचारते, खुर्ची मागे सरकवून, दोनदा.

कपाटात लांब वही. आधीच्या साहेबांचं तिरपं अक्षर.
१०४७: वाव्हळे सुकेशिनी, ज्वारी विभाग.
फेलोशिप संपली. खाते बंद.

फोल्डर उघडला. ज्वारी. नुसती ज्वारी.
एकाच ताटाचा दर अर्ध्या तासाला एक फोटो,
दिवसा, रात्री, दोन रब्बी हंगाम.
दुपारी पानं गुंडाळत जातात, बिडीसारखी,
पहाटेपर्यंत उलगडतात, पुन्हा गुंडाळतात.
अकरा हजारांत एका फोटोत, साडेतीनची वेळ,
एक हात आलाय मध्ये: भिंगावरचं दव पुसणारा,
मनगटावर ढिलं, पुरुषी घड्याळ.

वहीतला नंबर लागेल असं वाटलं नव्हतं.
लागला. किनवटकडं आश्रमशाळेत विज्ञान शिकवते.
मागं पोरांचे पाढे चालू होते.
"ते अजून हाय?"
मग बाराच्या पाढ्याइतकी थांबून:
"किती जागा धरलीय त्यानं?"
मी सांगितलं.
ती हसली. "एवढी जागा मी तिथं कधी घेतली नव्हती.
टेबलसुद्धा नव्हतं मला.
लागत असंल तर काढून टाका, मॅडम."

लागत होतीच.

संध्याकाळी लाइट गेली, जनरेटर लागला,
सगळ्या नद्या एका सुरात गुणगुणायला लागल्या.
मी वाव्हळे नावाचं खातं पुन्हा उघडलं,
आकडा तोच दिला, आणि यादी परत मागवली.
१०४७ च्या जागी नाव आलं.
पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ठेवलाय.
पत्ता विचारायचा राहिला.

कच्छवे पुन्हा दारात.
"झाली का जागा, मॅडम? कुणाचं काढायलाव?"
"ये, बस," मी म्हटलं, आणि शेजारची खुर्ची ओढली.
"फायनल नवंपासून सुरू करू."