नमुना क्रमांक एक्केचाळीस

सकाळी सहाला फाटकावर जीप.
रज्जाकभाई टपावरचा दोर आवळतात.
मागे घण, कापडी पिशव्या, बाटल्यांचं खोकं
आणि मोजपट्टी, टोकाला पितळी वाटी.
पाण्याला टेकली की ‘डुब्’ म्हणते.

दिवे घाटात, रस्त्यानं डोंगर कापलाय तिथं
रणपिसे सर गाडी थांबवायचे.
“वाचा,” म्हणायचे.
आम्ही खालून वर वाचायचो:
काळा पाषाण, मग मांजऱ्या, मग हातभर गेरू.
दोन लाव्हांच्या मधली विश्रांती ती.
तेवढ्या अवधीत इथं माती झाली, पावसाळे झाले,
बघायला कुणी नव्हतं.
सर आता येत नाहीत. गुडघे.
फोनवर एवढंच विचारतात, गेरू ओला आहे का?

कऱ्हेच्या अलीकडं हौसाबाई कोलत्यांची विहीर.
पट्टी सोडली. अकरा मीटर वीस.
मी वहीत लिहीपर्यंत त्या म्हणाल्या, “सोळा गाठी.”
पाणी जेव्हा जेव्हा दोराला पुरलं नाही
तेव्हा तेव्हा जोडलेला तुकडा, त्याची गाठ.
पहिली सासूबाईंची.
वहीत गाठींना रकाना नव्हता. समासात लिहिलं.
“आता सांगा, किती दिवस पुरंल?”
मला खोली येते. दिवस येत नाहीत.
त्यांनी ताकाचा पेला पुढं केला.

मग माती: चिमूट भिजवून तळहातावर वळी वळायची,
न मोडता किती लांब जाते ते बघायचं.
काळी बोटभर गेली. चढावरची तांबडी लगेच तुटली.
नखांत चार गावं घेऊन रात्री घरी.

बाणेरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पत्र्यांच्या आड
वर जाण्याआधी तीन मजले खाली गेलेली इमारत.
दिव्यांच्या झोतात खड्ड्याच्या भिंतीला
तशीच हातभर तांबडी ओळ.
झिरपणारी.
आणि पंप. जाड निळ्या नळीतून
सगळं गटारात.
वॉचमन म्हणाला, “बंद केला की भरतं, मॅडम. वैताग आहे नुसता.”

खोक्यात एक बाटली उरली होती.
दोनदा विसळून भरली. मीटर बुडवला.
आकडा हलला, हलला, थांबला:
आजच्या सगळ्या विहिरींपेक्षा गोड.

चिठ्ठीवर लिहिलं, नमुना ४१.
गाव: पुणे.
स्रोत:

सरांना फोन लावला. उशीर झाला होता, तरी उचलला.
“गेरू ओला आहे,” म्हटलं.
“कुठं?”
मी वाकले,
आणि फोन नळीच्या तोंडाशी धरला.