दुखलं की सांगायचं

सीपीआरमधल्या पोरीनं शिकवलं ते एवढंच:
कोपराखाली एक हात, मनगटाला दुसरा,
वजन तुम्ही घ्यायचं, त्यांनी सैल सोडायचं,
आणि दुखलं की सांगायचं.

हे शेवटचंच अवघड.
रत्नाक्का सांगणाऱ्यातली नाही.
सुभाषनगरातलं दुकान मधोमध भिंत घालून वाटलं
त्याला नऊ वर्षं झाली.
तिकडं ती चपलांच्या पट्ट्यांना वेणी घालायची, इकडं मी.
आम्हा जावांचं बोलणं म्हणजे
"पाणी आलंय" आणि "नळ बंद करा".

दिवाळीनंतर तिचा उजवा खांदा धरला.
लेकी लांब, एक निपाणीत, एक इचलकरंजीत.
एका सकाळी दारात उभी, केस मोकळे, हातात फणी.
"इतकी वर्षं आलो नव्हतो तुझ्याकडं," म्हणाली,
"आता आलो."

तेव्हापासून रोज साडेसहा.
दहा मिनिटं गरम पाण्याची पिशवी,
मग ती चटईवर उताणी, मी शेजारी गुडघे टेकून.
हात वर नेतो, हळू,
आणि माझ्याबरोबर तीही उचलते.
"सैल सोडा, अक्का."
"सोडलाय की."
सोडलेला नसतो.
सोडलेला हात जड असतो, हे मला
अकराव्या दिवशी कळलं.
ती कातड्याबद्दल काहीतरी बोलत होती,
कोरडं ओढलं तर चिरतं, आधी भिजू द्यावं,
सासूबाई कशा ओरडायच्या,
आणि बोलता बोलता
तो सगळा हात माझ्या तळव्यात उतरला,
कोपर, मनगट, टाक्याच्या घट्ट्यांची बोटं.
मी काही बोललो नाही.

मग भिंत. तीच, मधली.
तिची बोटं मुंगीसारखी वर चढतात,
थांबतात तिथं मी पेन्सिलीनं रेघ मारतो, खाली तारीख.
रेघा कधी चढतात, कधी उतरतात.
परवाची तर संक्रांतीच्याही खाली.
केस अजून मीच विंचरतो.

काल हात कानाच्या पाळीशी आला
आणि ती म्हणाली,
"दुखतंय."
मी जरासा मागं घेतला, तिथंच धरला,
सांगितलं होतं तसं दहा मोजायला लागलो.

सातावर डोळे मिटूनच म्हणाली,
"सावकाश मोज की गं.
कुठं गाडी सुटाय लागलीया व्हय?"