बाभळीची फळी

ती चौघांनी उचलायची.
पुढं उत्रेश्वर आणि मी, मागं खाजा आणि त्याचा मुका भाऊ.
वावरातून कालव्यापर्यंत, सहा वेळा खाली ठेवत.
खांद्याची साल निघायची.
आई तिथं हळद लावायची, विचारायची नाही.

रब्बीचं आवर्तन सुटलं
की डावा कालवा पाथरीकडं काठोकाठ निघायचा,
आणि आमच्या शिवारातल्या धबक्याखाली
पाणी स्वतःवरच उलटून उभं राहायचं.
पाणी पुढं जायचं, लाट जायची नाही.
एवढं एक मला अजून कुणाला नीट सांगता येत नाही.

उभं राहायला शिकलो ते मात्र ढेकळांवर.
पेरणीआधी हीच फळी रानात फिरायची,
वजन म्हणून पोरांना उभं करायचे तिच्यावर,
बैलांच्या मागं, दोरी धरून.
काळी माती पायाखाली फुटत जायची,
गुडघे आपोआप वाकायचे.
तेच गुडघे घेऊन पाण्यावर आलो.

बाभूळ अर्धी बुडूनच तरंगते.
वळायचं म्हणलं तर आधी मनात वळायचं,
मग टाचेत,
मग
कितीतरी वेळानं फळीत.
घाई केली तर ती ऐकायची नाही, म्हाताऱ्या बैलासारखी.
खाजा चालत पार टोकाला जायचा,
पायाची बोटं कडेबाहेर काढून उभा,
हात पाठीमागं बांधलेले,
जसा काही पाटकऱ्याला सांगतोय
आज पाणी किती सोडायचं.

एकदा सुटली.
आम्ही काठानं पळालो, काट्यांतून, दोन पूल,
सगळ्यांच्या पुढं खाजाचा भाऊ,
त्याच्या तोंडातून आवाज येत होता,
आम्ही कधीच न ऐकलेला.
तिसऱ्या गेटाला फळी आडवी लागलेली
आणि तिच्यावर बगळा.

परवा भाच्यानं चेन्नईहून फोटो पाठवला.
निळी फळी, बगलेत, एका हातानं धरलेली.
'मामा, वजन फक्त पाच किलो.'
छान आहे, मी लिहिलं.

आमची आता आखाड्यावर आहे,
गव्हाणीची एक बाजू.
म्हशींनी चाटून चाटून कड गुळगुळीत केलीय.
दिवाळीत गेलो तेव्हा वाकून हात फिरवला.
काहून हसतूस, उत्रेश्वर म्हणाला,
मग त्यानंही फिरवला.
चौघं लागतील, म्हणाला.
खाजाचे गुडघे गेलेत.
त्याच्या भावाला फोन लावून उपयोग नाही.
म्हशीनं आमचे दोन्ही हात नाकानं बाजूला सारले
आणि चाटत राहिली.