पोचपावती

शपथेसाठी हात वर केला
तेव्हा बोटाला शिक्क्याची शाई होती.
नाव सांगा, म्हणाले. सांगितलं.
स्टेनोग्राफरने तीनदा विचारून
चौथ्यांदा चुकीचंच लिहिलं.
हुद्दा: कारकून, करथकबाकी विभाग,
हॉलिडेजबर्ग, पेनसिल्व्हेनिया. सोळा वर्षं.

पाकीट तुम्हीच पाठवलंत?
हो. रजिस्टर्ड. पाठीवर हिरवं कार्ड,
घेणाऱ्याने सही करायची, पोस्टाने ते आम्हाला आणून द्यायचं.
कार्ड आलं?
पाकीटच आलं.
त्यावर पिवळी पट्टी: न्यायला कुणी आलं नाही.

जज्जबाईंनी चष्मा काढला.
विचारलं इंग्रजीतच,
मला मात्र मराठीत ऐकू आलं:
मग?

एरवी हा शब्द आपल्याकडे गोष्ट पुढे ढकलतो,
मूल झोपेपर्यंत, मग, मग, मग.
इथे तो एकदाच आला
आणि भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा राहिला.

मग मी पाकिटाला भोक पाडलं,
दोऱ्यात ओवलं, फाइल बंद केली.
कायद्यात बसतं तेवढं.
शेवटचा माहीत असलेला पत्ता,
शिवाय पेपरात एक रकाना, मुंगीएवढ्या टाइपात.
तो रकाना मी सोळा वर्षं वाचतेय,
प्रूफ तपासायला.

समोर ड्वेन हॅस्लर.
अल्टूनाच्या रेल्वे वर्कशॉपात एकतीस वर्षं चाकं कातली,
आता वॉकर, त्याच्या पायांना टेनिसचे चेंडू.
खुबा मोडला, पाच महिने पिट्सबर्गला बहिणीकडे होता.
तेवढ्यात घराचा लिलाव.
अकराशे बेचाळीस डॉलरांसाठी.
नव्या मालकाने आधी काय केलं म्हणे,
तर खिडकीतलं पाखरांच्या दाण्याचं भांडं काढलं.

वकिलाने एक कागद पुढे सरकवला.
त्याआधीच्या वर्षीच्या चेकची प्रत.
वरच्या कोपऱ्यात नाव, पत्ता,
त्याखाली फोन नंबर.
तळाशी वाकड्या अक्षरांत:
घराचा कर. उशीर झाला, माफ करा.
तो चेक मीच जमा केला होता.

हा नंबर फायलीत होता?
होता.
तुमच्या टेबलावर फोन आहे?
आहे.
चालू आहे?
लोक हसले. मलाही हसू आलं असतं.

माझ्या आजोळी, नेवाशाकडे,
घरपट्टीची दवंडी देणारा तुका घडशी
बहिऱ्या सुताराच्या दारात हलगी थांबवायचा,
आत जायचा, बोटांवर तारीख मोजून दाखवायचा.
त्याला कुठलं कलम ठाऊक होतं?
गोष्ट कानावर घालायची असते, एवढंच ठाऊक.
मी कागदावर घातली
आणि कागद माझ्याकडेच परत आला.

निकाल पुढच्या महिन्यात.
व्हरांड्यात हॅस्लरने मला गाठलं.
वाटलं, शिव्या देईल.
तो म्हणाला, बाई, मी उचलला असता.
मी सगळेच फोन उचलतो,
जाहिरातींचेसुद्धा.

सोमवारी ट्रेमध्ये परत आलेली सदतीस पाकिटं.
नियम होता तोच.
जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता,
पहिल्या पाकिटाची फाइल काढली.
आडनाव असं की जीभ अडखळावी.
रिंग वाजली, सहा, सात,
पलीकडे कुणी खोकलं.
मी म्हटलं, आधी तुमच्या नावाचं स्पेलिंग सांगा,
सावकाश.